आमच्या डॉक्टरबाईंना बसवत नाही

शाळेत शिकवणारे आम्ही चौघं चहाला जमलो की डॉक्टरबाईंचे किस्से निघतात. एक संपायच्या आत दुसरा कुणाच्या तरी जिभेवर तयार, आणि चहा गार!

बाई मुलांच्या डॉक्टर. परभणीतला जोरात चालणारा दवाखाना बंद करून त्यांनी ताडकळसच्या रस्त्यावर खास मुलांची निवासी शाळा काढली. का, तर म्हणे, "बुद्धी कमी-जास्त असेल, आत्मा कुणाचाच अधू नसतो." लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं!

*

सकाळी समई लावून शांत बसायचं, हा बाईंचाच नियम. मुलं बसतात. बाईंना बसवत नाही! पाय हलतो, पदर ओढतात, सारख्या दाराकडं बघतात. एकदा मुलांतल्या बंडूनं डोळे मिटूनच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, बसा की! देव कुठं पळून चाललाय?"

*

एक पाहुणे शाळा बघायला आले. पेडगावची गंगू बोलत नाही, दिवसभर येरझाऱ्या घालते. तिच्याकडं बघून त्यांनी विचारलं, "हिच्यात सुधारणा किती?"

"लय! आता आपल्या हातानं जेवते," बाई म्हणाल्या. "आमच्यात अजून व्हायचीय!"

*

दिवाळी झाली आणि गंगूच्या आईचा निरोप आला. "आमी ऊसतोडीला जायलाव. पोरगीबी संगं न्यायचीय."

बाईंची झोपच उडाली. उसाच्या फडात गंगूला झाडाला बांधून ठेवावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. "काय बोलू गं मी तिच्या आईला?" दिवसभर मला तेच. "मला काय विचारता बाई? मलाच काही सुचेना!" मी वैतागून म्हटलं.

आई आली. ट्रक फाटकाशी उभा. बाई तोंड उघडणार, तेवढ्यात पोरांनी घोळ घातला! आमच्याकडं नवं मूल आलं की त्याला पाटावर बसवतात, कुंकू लावतात, गूळ देतात. मग एकेकानं त्याच्यापुढं हात जोडायचे आणि त्यानं उलट हात जोडेस्तोवर थांबायचं. पोरांना वाटलं, हीच नवी! बसवली की पाटावर.

"अरे, ती गंगूची आई हाय!" मी ओरडले. बाईंनी माझा हात दाबला.

बंडू हात जोडून तिच्यापुढं उभा. ती बावरली. "मला कामून हात जोडायला रं लेकरा?"

बंडू जागचा हलेना. शेवटी तिनं हात जोडले. मग दुसरं पोर, मग तिसरं. तिच्या डोळ्याला धार लागली. बाहेर हॉर्न सुरूच.

ती उठली. "बाई, पोरगी इथंच ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. मग येरझाऱ्या घालणाऱ्या गंगूपुढं जाऊन हात जोडून उभी राहिली.

ऊसतोड टोळीचा मुकादम तणतणत आत आला. "चल की! गाडी निघायलीय!"

"थांबा जरा!" ती मान न वळवता म्हणाली. "पोरीनं अजून माहा नमस्कार घेतला न्हाई."