जावईबापूंचे निजलेले प्रेक्षक

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. निवृत्त खेळाडूंपैकी कोणाचे जुने सामने लोक इंटरनेटवर अजून बघतात, हे मोजायचं तिचं काम. या आठवड्यात पाळी होती एका जपानी फुटबॉलपटूची. आकडा पडला तर त्याचे सामने साइटवरून उतरवायचे, असं ठरलं होतं.

नेमका हाच गडी तिच्या घरी रोज दुपारी हजर असायचा. बाबांनी जन्मभर रात्रपाळीचा पहारा केला, त्यामुळे झोपायचं ते दुपारीच. आई गेली आणि तीही झोप उडाली. एकदा सहज टॅबवर याचा सामना लागला आणि बाबा चक्क घोरायला लागले. चेंडू पायाशी आला की हा जरा थांबायचा, मान वर करायचा, मग हळूच पुढे द्यायचा. समालोचक जपानीत काहीबाही पुटपुटत राही. कळत काडीचं नसे, पण आई आत स्वतःशीच बोलत असावी, तसं वाटे. रोज येतो आणि आपल्याशी चकार शब्द बोलत नाही, म्हणून बाबांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. लेकीचं लग्न जमत नव्हतं, तेव्हा टोमणा तिलाही होता.

आकडे पाहून मोजणीबाई चक्रावली. सामने लावणारे ढीगभर, पण बहुतेक सगळे ‘निजलेले’. मधूनमधून पडद्यावर ‘अजून बघताय का?’ असा प्रश्न येई; त्याला बोट लावलं नाही की यंत्र त्या माणसाला निजलेला ठरवून वगळत असे. कुठल्या कुठल्या खोल्यांत, पडदे ओढून, माणसं त्या संथ चेंडूच्या सोबतीनं झोपत होती. तिला भरून आलं.

"यांना मोजणीत धरायला हवं, साहेब."

"झोपलेला माणूस प्रेक्षक कसा हो, मोजणीबाई?"

"ज्याच्या भरवशावर डोळे मिटावेत, तो आवडता नाही का?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "बरं, सबंध सामना जागेपणी बघणारा एक तरी दाखवा. उद्या संध्याकाळपर्यंत. मग ठेवू."

घरी हे ऐकून बाबांचा चेहरा उतरला. "तो गेला तर मी झोपू कसा गं?"

"मी बघते ना जागी राहून. तुम्ही खुशाल झोपा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बाबांच्या शेजारी बसली. खिडकीच्या पडद्यातून पिवळसर ऊन झिरपत होतं. प्रश्न आला, तिनं बोट लावलं. पुन्हा आला, पुन्हा लावलं. चेंडू त्याच्या पायाशी आला, थांबला. आत कुणीतरी पुटपुटत होतं, डबे लावत होतं. आईच ती. आई गेल्यापासून तिलाही धड झोप नव्हती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांना जाग आली तेव्हा सामना थोडाच उरला होता. टॅबवर हात टाकून लेक गाढ झोपली होती. कपाळावरची आठी गेली होती. लहानपणी दिसायची तशी दिसत होती. तिच्या बोटांच्या फटीतून प्रश्न दिसत होता, ‘अजून बघताय का?’ हात जरा सरकवला असता तर उत्तर देता आलं असतं. पण ती जागी झाली असती.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. प्रश्न मावळला, पडदा काळा झाला.

"बरं, या जावईबापू," ते हळूच म्हणाले.