पळा म्हणणारा लिन

खडक पोकळ वाजला आणि लिन ओरडला, पण घाईत चिनी भाषेत. पुढे जुमा होता. त्याला चिनी येत नव्हतं. तो वळून नुसता बघत राहिला आणि दोघांच्या मधलं छत खाली आलं. पलीकडून जुमा दगडावर ठोकत होता. बराच वेळ ठोकत होता... मग थांबला.

लिन गेल्या महिन्यात वारला, नॉर्थ यॉर्कला, आमच्याच मजल्यावर. बोगद्यातलं ते त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, बेसमेंटमध्ये कपडे ड्रायरमध्ये फिरत असताना. चीननं टांझानियाला मदत म्हणून रेल्वे बांधून दिली. तेव्हा आमच्याच ताटात फार काही नव्हतं, असं तो म्हणायचा. बोगद्याचं छत पहारीनं ठोकून बघणं हे त्याचं काम. जुमा तिथला मजूर. संध्याकाळी बसून त्यानंच लिनला स्वाहिली शिकवली.

आमचे हे पुढे त्याच रेल्वेत फिटर होते, म्हणून ती भाषा मलाही येते. मी चौथी शिकलेली, इंग्रजी जेमतेम. लिनचंही तसंच. लिफ्टमध्ये माझी बटाट्यांची पिशवी फाटली तेव्हा हा ‘पोले’ म्हणाला, म्हणजे अरेरे. मी वळून बघितलं. तेव्हापासून बोलणं सुरू झालं. मला तो ‘मामा’ म्हणायचा, तिकडे बाईला तसंच म्हणतात. माझा सुबोध हसायचा.

“मामा, तू त्या बोगद्यातून गेलीस?”

“कितीदा तरी.”

“काय दिसलं?”

“काय दिसणार? अंधार. पोरं झोपली होती.”

“झोपली होती?”

“घोरत होती.”

हे तो पुन्हा पुन्हा विचारायचा. मी तेच सांगायचे. खरंच होतं ते.

बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला की, ड्रिल असो की कुणाची पोळी करपलेली असो, लिन काठीनं प्रत्येक दार ठोकत जायचा. “किम्बिया! किम्बिया!” म्हणजे पळा. कुणाला कळायचं नाही, लोक हसायचे. “आई, तुझा फ्रेंड सुरू झाला,” सुबोध म्हणायचा. मी मात्र चपला घालून जिना उतरायचे.

गेल्या आठवड्यात अलार्म वाजला. “ड्रिल आहे आई, बस,” सुबोध म्हणाला. मी दाराशी उभी राहून ठोक्याची वाट बघत राहिले.

दारावर त्याच्या काठीचे पोचे आहेत. परवा बिल्डिंगचा माणूस रंग द्यायला आला, त्याला मी परत पाठवलं.

त्या दिवशी बोगद्यात दोघंच होते. लिन वाचला.