कडूबाई, घूस आणि दगडफूल

पहिला चहा ती उंबऱ्यावर उभ्यानंच प्यायची. मिरची डोळ्यांत गेली तरी शिवी घुशीलाच द्यायची. दगडफूल निवडताना साल, काड्या बाजूला काढायची, उरलेलं नाकाशी धरायची आणि मगच परातीत टाकायची.

कडूबाई मूळची पिशोर गावची. शहरात, छावणी भागातल्या एका खोलीत ती काळा मसाला करून विकायची. शेजारच्या दीपमालाला, मराठी घेऊन नुकत्याच बी.ए. झालेल्या पोरीला, तिच्याजवळ बसल्याशिवाय करमत नसे.

त्या उन्हाळ्यात घुशीनं खोलीची भिंत खालून पोखरली. घरमालक आप्पासाहेब भिंतीपलीकडंच राहायचे. ते म्हणाले, "तुमच्या मसाल्याच्या वासानं येते ती. भिंत पडायच्या आत खोली खाली करा."

नवरा गेल्यापासून कडूबाईचं घर आणि धंदा हीच खोली होती.

तिनं बिळात फुटक्या काचा आणि मिरचीचं बी ठासलं. वर घुशीनंच उकरलेली माती शेणात मळून लिंपली. सकाळी बाजूला नवं बीळ. कडूबाई पुन्हा माती मळायला बसली.

"मावशी, कंटाळा नाही येत?" दीपमालानं विचारलं.

"तिला आला का? मग मला कशाचा?" कडूबाईनं दगडफुलाचा तुकडा उचलला. "हे बघ. याला ना मूळ, ना माती. दगडाला नुसतं धरून ऱ्हातं. उन्हानं वाळतं, पाणी लागलं की परत जित्तं. घुशीला मातर घर कराया दुसऱ्याचं घर लागतं."

"म्हणजे तुम्ही दगडफूल?"

"व्हय तर. पण मेहनत तिच्याकडून शिकावी. मेली लई कामाची हाय."

 वैऱ्याचं असं कौतुक दीपमालानं कधी ऐकलं नव्हतं.

पुढं खोलीतली बिळं थांबली. एका दुपारी आप्पासाहेबच दारात उभे.

"कडूबाई, मिरचीचं बी आहे का थोडं? ती आता आमच्या बैठकीत निघालीय."

"आमच्या मसाल्याचा वास तिथवर गेला व्हय?" म्हणत कडूबाई मिरचीचं बी आणि काचा घेऊन उठली. दीपमालाही मागोमाग गेली.

बैठकीतली फरशी उचकटली होती. कडूबाईनं बिळाचं निम्मं तोंड बुजवलं आणि एकदम थांबली. जमिनीला कान लावला. आतून बारीक चींचीं येत होती.

"बाळंतीण हाय आत. आज नाय जमायचं."

"अहो, पण माझं घर!"

"पिलं हिंडती होऊ द्या. मुदत द्या जराशी. तिलाबी अन् मलाबी."

आप्पासाहेबांनी उचकटलेली फरशी पायानं बाजूला सारली. मग म्हणाले, "राहा."

काचा, बी तिथंच ठेवून, निम्मं बुजवलेलं बीळ तसंच सोडून, कडूबाई हात झटकत बाहेर पडली.