डाव्या पंखाच्या बिजागऱ्या

वसंतअण्णा गेल्याचं मला फोनवर कळलं. फोन हुबळीहून, त्यांच्या मेहुण्यांचा. मी तेव्हा मळमड्डीतल्या माझ्या घरी, अण्णांच्या घरापासून चार घरांवर होतो. आदल्या संध्याकाळी आम्ही फाटकाशी उभे होतो. इपॉक्सीचा गोंद लवकर घट्ट होतो, अशी त्यांची तक्रार होती. तब्येतीचा विषय निघाला नव्हता.

अण्णा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे. निवृत्तीनंतर हलक्या लाकडाची, रिमोटवर उडणारी विमानं करून त्यांना गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन बसवायचे. रविवारी कलघटगी रस्त्याच्या माळावर आम्ही ती उडवायचो. पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलत्या फळ्या असतात, त्यांच्यामुळे विमान वळतं. त्या कोणत्या बिजागरीवर बसवायच्या, याबद्दल अण्णांचं मत पक्कं होतं. एकदा मी कापडासारख्या पातळ पट्ट्या आणल्या. बॅटरीच्या छोट्या विमानांना त्या चालतात. अण्णांनी पुडी चिमटीत धरली. "हे काय आणलंस रे? पेट्रोलचं इंजिन थरथरतं. फळी हवेत निखळली म्हणजे?"

"दुकानदार म्हणाला, चालतात."

"मग त्यालाच विमानाखाली उभा कर."

ते नायलॉनच्या, पिनेच्या बिजागऱ्याच लावायचे. आधी सांध्याला व्हॅसलीन, मग भोकात इपॉक्सी. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही.

अण्णांचे दिवस झाल्यावर त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, शेवटचं विमान दाखवायला बोलावलं. शेपटीला आणि उजव्या पंखाला पिनेच्या बिजागऱ्या होत्या. डाव्या पंखाला माझ्या त्या पातळ पट्ट्या. पिनेच्या संपल्या असतील म्हणून डबा उघडला, तर त्यात सहा शिल्लक. बोटं दुखत होती का? काही नवीन करून बघत होते? की विसरले... मी आठवड्यातले चार दिवस त्यांच्याशेजारी बसायचो. तरी मला सांगता येत नाही.

अक्का दारात उभ्या होत्या. "एक विचारू, श्रीपाद? शेवटी शेवटी एकच गोष्ट दोनदा विचारायचे. त्यांचं डोकं जाग्यावर होतं ना?"

जे तपासलेलं नाही ते छापायचं नाही, या शिस्तीत माझी वर्तमानपत्रातली सगळी नोकरी झाली. मी म्हणालो, "होतं, अक्का."

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तर एकदा उडीव ते. त्यांनी केलंय तसंच. नोडप्पा, बघ हं, काही बदलू नको."

विमान आता माझ्या खोलीत आहे. बिजागऱ्या बदलल्या तर अक्कांना ते दिसणार नाही. पण अण्णा विसरले होते, हा निकाल मी दिलेला असेल. न बदलता माळावर न्यायचं, तर त्या पट्ट्या टिकतील असं मला वाटायला हवं. ते कधी वाटतं, कधी नाही. जोरात ओढून पाहिलं की कळेल. रोज सकाळी मी डावी फळी चिमटीत धरतो... अजून ओढलेली नाही.