कोरी न राहिलेली काच

दुपारचे तीन वाजलेत. उंदराच्या आतड्याच्या कापांवर अँटिबॉडी घालून मी तासाभराचा गजर लावते आणि ग्लोव्ह न काढताच टेबलावर डोकं टेकते. फ्रिजची घरघर हळूहळू लांब जाते. शेजारच्या स्टुलावर शेवडे मॅडम बसलेल्या आहेत.

त्यांना जाऊन चार महिने झालेत, हे मला झोपेतही ठाऊक आहे.

बारा वर्षं त्यांनी या एकाच अँटिबॉडीवर काम केलं. आतड्यात भुकेच्या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रोटीन, जिथे असेल तिथे ती चिकटते आणि मायक्रोस्कोपखाली तपकिरी रंग दिसतो. त्या रंगावरून मॅडमनी रिसेप्टरचा अख्खा नकाशा काढला. त्याच पेपरने त्यांचं नाव झालं.

जेवलीस का, असं त्या विचारतात. मी नाही म्हणते. डबा आणायला म्हणून आम्ही कोल्ड रूमचं दार उघडतो, तर आत हॉस्पिटलचा वॉर्ड आहे. मॅडम आपल्या खाटेवर जाऊन पडतात. पोटाच्या कॅन्सरने शेवटी त्यांची भूक पार मेली होती. मी मऊ भात न्यायचे. दोन घास खाऊन त्या ताटली सारायच्या, माझे रिसेप्टर रजेवर गेलेत म्हणायच्या, आणि मग त्या उंदरांचं विचारायच्या.

ज्यांच्यात हा रिसेप्टर जन्मापासूनच नाही, असे उंदीर आम्ही मागवले होते. त्यांच्या आतड्याचे काप लावलेली काच कोरी, बिनरंगाची राहायला हवी होती. तिच्यावरही तसाच तपकिरी रंग आला. अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती, म्हणजे मॅडमचा नकाशाच चुकला होता. मी तीनदा करून पाहिलं, आणि मॅडमना जाऊन सांगितलं, काच कोरी आहे. त्या हसल्या होत्या. आज चौथ्यांदा करतेय, माझंच काही चुकलं असेल या आशेवर.

वॉर्डात आता दुसरं कोणी नाही. मी त्यांना खरं सांगते.

त्या उशीवरून मान माझ्याकडे वळवतात.

"कधी कळलं तुला?"

"फेब्रुवारीत."

"तेव्हा मी शुद्धीवर होते, रेश्मा."

"तुम्हाला त्रास झाला असता, मॅडम."

"झाला असता. पण तो माझा होता."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त विचारतात, याच अँटिबॉडीवर अजून कोण काम करतंय. दुसऱ्या लॅबमधल्या दोन मुली, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला, असं मी सांगते. त्या माझा हात ओढून घेतात आणि त्यावर काहीतरी लिहू लागतात. खाटेखालून पाणी वाहतंय. मला अक्षरं लागत नाहीत.

गजर वाजतो. काचा धुते, रंग चढवते, मायक्रोस्कोपखाली धरते. तपकिरी.

तेव्हा कुठे डाव्या ग्लोव्हकडे लक्ष जातं. मार्करने, माझ्याच वाकड्या अक्षरात, लिहिलंय: त्यांना कळव.

ग्लोव्ह काढून टाकते आणि त्या दोघींना पत्र लिहायला बसते. शाई आत तळहातावरही उतरली आहे.