मी निलेश भाऊजींचं नाव घेतलं

हे मी कुणालाच बोललेले नाही. आईला अर्धं माहीत आहे, नवऱ्याला काहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्याकडे कधी येणार नाही, महेशला ओळखत नाही — आणि तरी सांगताना माझे कान दाराकडे आहेत.

कुठून सांगू? लग्नाआधीपासून सांगावं लागेल.

घोडबंदर रोडला एका ऑफिसात होते मी. पहिलं क्रेडिट कार्ड तिथेच मिळालं. नवा फोन, मैत्रिणींसोबत गोवा, कपडे. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाची फी थकलेली नव्हती — तसं काही असतं तर आज सांगायला बरं पडलं असतं. मग नोकरी गेली आणि वसुलीवाले विठ्ठलवाडीला आईच्या दारात यायला लागले. आवाज चढवायचे नाहीत. जिन्यात उभं राहून, शेजारच्यांना नीट ऐकू जाईल एवढ्याच आवाजात माझं पूर्ण नाव घ्यायचे. आई गॅस बंद करायची, टीव्ही बंद करायची, आणि आम्ही दोघी मोरीपाशी श्वास रोखून बसायचो. शेवटी मामाने पैसे दिले, बँकेने थोडं सोडलं. ‘सेटल झालं’ म्हणाले. मला वाटलं, सुटले.

सुटत नाही ते. पूर्ण न फेडता तडजोड केली, हे तुमच्या नावापुढे वर्षानुवर्षं दिसत राहतं. हे मला फार उशिरा कळलं.

तोवर लग्न झालेलं. महेश डोंबिवलीचा, व्यवहाराला चोख. दुकानदाराकडे सुटे पैसे राहिले तरी दुसऱ्या दिवशी आठवणीने मागणारा, आणि आपल्याकडे कुणाचे राहिले तर त्याच संध्याकाळी नेऊन देणारा. अशा माणसाला सांगायचं कसं? लग्न ठरताना सांगायला हवं होतं ना? हवं होतं. नाही सांगितलं.

मग नव्या नोकरीच्या पगारातून मी गुपचूप एक एफडी केली आणि तिच्यावर कार्ड घेतलं. कर्जफेडीचा बिघडलेला क्रेडिट स्कोअर अशा कार्डाने हळूहळू सुधारतो. किराणा, रिचार्ज, बस — आणि बिल वेळेच्या आधी. फक्त पत्ता आईचा दिला. कार्डाचं पाकीट महेशच्या हातात पडायला नको म्हणून.

आणि सुधारत होतं हो! आम्ही ठाण्याला फ्लॅट बघून आलो. कर्ज दोघांच्या नावावर घ्यायचं ठरलं. महेशने बाल्कनीत उभं राहून निलेश भाऊजींना व्हिडिओ कॉल केलेला — निलेश म्हणजे माझा धाकटा दीर. ‘दादा, गृहप्रवेशाचं सामान माझ्याच टेम्पोतून आणायचं हां,’ ते ओरडत होते.

त्याच सुमारास कार्डाच्या बँकेचा माणूस पत्ता तपासायला विठ्ठलवाडीला गेला. साधी तपासणी. आईने दार अर्धंच उघडलं, त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं, माझं नाव ऐकलं आणि म्हणाली, अशी कुणी मुलगी इथे राहत नाही.

लगेच मला फोन केला तिने. आवाज कापत होता, पण आतून खूश होती. “घालवला गं त्याला.”

घाबरायला तिला मीच शिकवलेलं.

बँकेने मला नवा पत्ता विचारला. तिथे आमचा माणूस येईल, म्हणाले. म्हणजे डोंबिवलीच्या घरी — महेशसमोर? मी आज देते, उद्या देते करत राहिले. एक दिवस मेसेज आला. कार्ड बँकेने बंद केलेलं. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तो पुसून टाकला. जणू त्याने काही पुसलं जाणार होतं.

गृहकर्जाच्या बाईंचा फोनही मलाच आला, कारण कागदपत्रं मी बघत होते. मॅडम, तुमच्या नावावर जुनं सेटलमेंट आहे, त्यात आताचं कार्ड बँकेने बंद केलेलं दिसतंय, दोघांच्या नावावर होणार नाही. सरळ, सभ्य आवाजात. मला मात्र पुन्हा त्या जिन्यातलेच आवाज ऐकू येत होते.

संध्याकाळी महेशने बूट काढता काढता विचारलं, “काय म्हणाले लोनवाले?”

मी पोळी लाटत होते. आणि माझ्या तोंडून निघालं — “नाही म्हणाले. निलेश भाऊजींच्या टेम्पोमुळे.”

त्या टेम्पोच्या कर्जावर जामीन म्हणून महेशची सही होती. सासरे हॉस्पिटलात असताना भाऊजींचे हप्ते उशिरा गेलेले, नंतर त्यांनी दंडासकट भरलेले. महेशला ते ठाऊक होतं, म्हणून त्याला लगेच पटलं. हे मी आधीच ठरवून ठेवलेलं का? मी स्वतःला खूपदा विचारलंय. ठरवलेलं नव्हतं, तर मग इतकं पटण्यासारखं इतक्या पटकन सुचलं कसं?

महेशने तिथेच उभं राहून भावाला फोन लावला. बापाच्या आजारपणात काय केलंस इथपासून सगळं बोलला तो. मी पोळ्या करत राहिले. एकही करपली नाही.

थोड्या दिवसांनी भाऊजी दुपारचे आले. महेश घरी नसताना. आत बसायला तयार नव्हते, चपला घालूनच दारात उभे. “वहिनी, टेम्पो विकून टाकला. कर्ज बंद केलंय, दादाचं नाव मोकळं झालं. माझ्यामुळे तुमचं घर गेलं — माफ करा मला.”

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. एक वाक्य बोलायचं होतं. भीती एवढीच वाटली, की यांना कळलं की महेशला कळेल. मी म्हणाले, “जाऊ द्या भाऊजी. झालं ते झालं.”

मी त्यांना माफ केलं. ऐकताय ना? मी — त्यांना.

पुढच्या वेळी अर्ज महेशच्या एकट्याच्या नावावर केला. माझी नोकरी कुठे पक्की आहे, माझं नाव नकोच, असं मीच सुचवलं. ठाणं परवडेना, डोंबिवलीतच लहान घर घेतलं, आणि कर्ज मंजूर झालं. महेश म्हणाला, “बघितलंस? त्याच्यामुळेच अडकलेलं.” खोटं मी बोललेले, आणि आता ते खरं ठरलं होतं. वास्तुशांतीला भाऊजी आले, पंगतीत वाढलं, पाण्याचे जार वर चढवले आणि न जेवता गेले. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

आता फोनवर कुणालाही स्वतःचा स्कोअर दिसतो. महेश मोबाईल घेऊन बसला की मी काहीतरी निमित्त काढून त्याच्या मागून जाते. काय बघतोय? अनोळखी नंबर आला की मी तो दुसऱ्या खोलीत जाऊन घेते. बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघते. आईसारखीच झालेय मी.

गेल्या महिन्यात भाऊजींचा फोन आला. इतके दिवस दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत ते. जुना टेम्पो चांगल्या भावात मिळतोय, कर्जाला एक सही हवी होती. महेशने फोन स्पीकरवर टाकलेला. “एक डाव सही कर दादा, एकही हप्ता चुकवणार नाही,” भाऊजी म्हणत होते. महेश म्हणाला, “एकदा भोगलंय आम्ही. परत नाही.”

मग त्याने माझ्याकडे बघितलं. “काय गं, बरोबर ना?”

पलीकडे भाऊजी ऐकत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणाले, “हो. बरोबर आहे.”