कुसुमआत्याच्या सात निऱ्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिपरी मेघेला घरी भाजी निवडत होते. आर्वीला पोचले तर बायकांनी तिला साडी नेसवून झाली होती. निऱ्या चारच. जिनं चाळीस वर्षं गावभरच्या नवरीमुलींना साड्या नेसवल्या, तिला चार निऱ्या! मी त्या सोडल्या आणि सात घातल्या. "आता कोन मोजते व?" शेजारच्या काकू पुटपुटल्या. "आत्या मोजते," मी म्हटलं...

पोरवयात आत्या दहावीला इंग्रजीत नापास झाली, शाळा सुटली आणि ते शल्य तिनं जन्मभर बाळगलं. साठीला टेकल्यावर तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. शिकवायला मी. बाकी सगळं जमलं, समानार्थी शब्द मात्र डोक्यात राहीनात. 'ड्रेस' म्हणजे कपडे, यापुढे गाडी सरकेना. "एकाच कामाले इतके शब्द काऊन?" ती माझ्यावरच खेकसायची. मीही वैतागून म्हटलं, "तू नवरीले साडी नेसवतं, पोळ्याले बैल सजवतं, निऱ्या नीट लावतं... सारं एकच काम हाय का?" दुसऱ्या दिवशी पाहते तर तिच्या जांभळ्या साडीच्या सात निऱ्यांना पिनांनी सात चिठ्ठ्या टाचलेल्या! चिठ्ठ्यांवर 'ड्रेस'चेच सात शब्द: क्लोद, ड्रेप, डेक, अडॉर्न, अटायर, ट्रिम, अरेंज. ड्रेप तिला लगेच पटला, ते तिचंच काम. डेक म्हणजे पोळ्याचा बैल. चौथ्या निरीवर बोट आलं की मात्र हमखास अडायची. "नथ आठव, आत्या, दागिन्यानं नटवणं, अडॉर्न," मी म्हणायची.

परीक्षेला ती तीच साडी नेसून गेली. चिठ्ठ्या घरी, पिना जागच्या जागी. पुढचं तिनंच मला शंभरदा सांगितलंय. पेपरात 'ड्रेस'च्या अर्थाचे शब्द विचारलेले. तिचा हात कमरेकडे गेला आणि सर धावत आले.

"चिठ्ठी नाई जी सर, निऱ्या मोजून राह्यली!"

कोण ऐकणार? पेपर काढून घेतला. एका मॅडमनी तिला आडोशाला नेऊन एकेक निरी उलगडली. सात पिना, सगळ्या रिकाम्या. "पिना काऊन लावल्या मग?" "शब्द डोक्यातच हाय मॅडम, तिथं पोचायले बोट लागते." मॅडम हसल्या, पेपर परत मिळाला. आत्या इतकी तापलेली की एरवी अडणारा अडॉर्नच तिनं सगळ्यात आधी लिहिला!

पास झाली. त्याच साडीत ती गल्लीत दारोदार फिरली आणि मावशी म्हणणाऱ्या प्रत्येकीला बजावून आली, "दहावी पास मावशी म्हना." तिच्या आठवणीनं रडायला बसते आणि हे आठवून हसायला लागते.

ती जांभळी साडी आता माझ्याकडे आहे. परवा नेसले. निऱ्यांवर पिनांची बारीक भोकं अजून आहेत. बोट एकेकीवरून सरकत चौथीवर आलं, क्षणभर अडलं. "अडॉर्न!" मी आरशासमोर मोठ्यानं म्हटलं आणि पाचवी निरी घातली.